एका पत्त्यावरची आठ माणसं

ऑर्फाच्या बोटातल्या अंगठीला दोरा गुंडाळलेला होता, तो मला एप्रिलमध्ये दिसला. लग्नाची अंगठी सैल होऊन गळून पडू नये म्हणून तिनं आतल्या बाजूनं शिवणाचा पांढरा दोरा घट्ट बांधला होता. संध्याकाळचे पाच वाजले होते. तिच्या स्वयंपाकघरात आम्ही सगळे घेवडा आणि मक्याचा पाव खात होतो, आणि ती नेहमीसारखी शेगडीपाशी डाव घेऊन उभी होती.

"तू बस की," मी म्हणाले.

"मी आधीच जेवले."

हे वाक्य मी अख्खा हिवाळा ऐकलं होतं. क्लेल ऑक्टोबरात गेला, तेव्हापासून. क्लेल म्हणजे तिचा नवरा आणि माझा थोरला भाऊ. एकतीस वर्षं मी शाळेची बस चालवली. मागच्या बाकावर कोण थापा मारतंय हे मला आरशात न बघता कळायचं. आणि इथं, चार हातांवर उभी असलेली माझी भावजय सहा महिने रोज खोटं बोलत होती आणि मी तिच्याच हातचा दुसरा तुकडा मागून घेत होते. मला स्वतःची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न सांगता गेले आणि सरळ तिचा फ्रिज उघडला. मोहरीच्या चटणीची बाटली, अर्धी. ताकाचा डबा. शेजारच्या म्हाताऱ्या ऑटिसनं दिलेली सहा अंडी. बाकी नुसता दिवा.

"काय शोधतेयस?" तिनं मागून विचारलं.

"तुझं जेवण. जे तू रोज आधीच जेवतेस ते."

तिनं फ्रिजचं दार लावून टाकलं. ऑर्फा भांडत नाही, हेच तिच्याशी भांडण्यातलं अवघड काम आहे. दोघांच्या दोन पेन्शन यायच्या, त्यातली एक क्लेलबरोबर गेली होती. उरलेल्या एकीत ती स्वतःपुरतं कसंबसं भागवू शकली असती. पण पाच वाजताचं भांडं आठ माणसांचं होतं, आणि ते लहान करायची तिची तयारी नव्हती.

त्या भांड्याचं असं झालं होतं. सॉरवुड खोऱ्यात पूर आला तेव्हा पूल गेला आणि ओढ्याकाठच्या सगळ्या टपालपेट्याही वाहून गेल्या. पोस्टमन म्हणाला, मी डांबरी रस्ता सोडून एक पाऊल आत येणार नाही. डांबरी रस्त्यावर एकच पेटी उरली होती, ती ऑर्फाची. तेव्हापासून सगळ्या खोऱ्याचं टपाल तिच्या पत्त्यावर येतं. तिनं स्वयंपाकघराच्या दारामागं बुटांचे खोके मांडले, प्रत्येकावर नाव घातलं. संध्याकाळी लोक टपाल न्यायला येत आणि ती म्हणे, आलाच आहात तर दोन घास खा. मग कुणी घेवड्याची पिशवी आणू लागलं, कुणी अंडी, शेजारचा बर्ल हिवाळ्यात हरणाचं मांस. पूल नंतर बांधला, पण खोके आणि भांडं तसंच राहिलं.

"आपण फूड स्टॅम्पचा अर्ज करायचा, सरकार किराण्याला पैसे देतं," मी म्हणाले.

"आपल्यात कुणी घेतलेत कधी?"

"आपल्या पंगतीतली शॉन्डा घेते."

"तिला दोन पोरी आहेत."

"आणि तुला काय, पोट नाही?"

तीन दिवस हे चाललं. शेवटी ती तयार झाली, पण एका अटीवर. त्या कागदात एकही शब्द खोटा जाता कामा नये. मी म्हणाले, बाई, कोण घालतंय खोटा शब्द? आता वाटतं, तेव्हाच मी हो म्हणायला नको होतं.

अर्ज सोळा पानांचा होता. ऑर्फानं हात धुतले, चष्मा पुसला आणि सगळ्यात आधी शेवटचं पान वाचलं. तिथं सहीच्या वर लिहिलं होतं की वरील माहिती खोटी आढळल्यास कायद्यानं शिक्षा होईल. चाळीस वर्षं तिनं चर्चमध्ये रविवारी पोरांना शिकवलंय. ती ओळ तिनं बायबलमधली असावी तशी दोनदा वाचली.

नाव, जन्मतारीख, विधवा, हे सुरळीत झालं. मग चौथ्या पानावर प्रश्न आला. या पत्त्यावर राहणाऱ्या आणि तुमच्याबरोबर अन्न विकत घेऊन शिजवणाऱ्या सर्व व्यक्तींची नावं लिहा.

"एक लिही," मी म्हणाले. "ऑर्फा."

"ऑटिसच्या लायसन्सवर पत्ता कुठला आहे?"

"हाच. पण म्हणून तो इथं राहतो का?"

"सरकारच्या लेखी कुठं राहतो?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. सरकारच्या लेखी ऑटिस इथंच राहत होता. मीसुद्धा. माझं मतदानाचं कार्ड, गाडीचे कागद, सगळं याच पत्त्यावर.

"बरं," मी म्हणाले, "पण पुढं बघ. तुझ्याबरोबर अन्न विकत घेऊन शिजवणाऱ्या, असं म्हटलंय."

"गेल्या आठवड्यातला घेवडा कुणी आणला?"

"मी."

"मका कुणी दळून आणला?"

"बर्लनं."

"शिजवलं कुठं?"

"अगं पण ते असं विचारत नाहीयेत!"

"मग कसं विचारतायत? तू वाच ना, तुला कळत असेल तर."

मी वाचलं. पुन्हा वाचलं. मागच्या पानावर खुलाशासाठी टीप होती, ती वाचल्यावर जे कळत होतं तेही कळेनासं झालं. खरं सांगायचं तर मला तिचं म्हणणं पटलं. छापलेल्या शब्दांप्रमाणे तीच बरोबर होती. अर्जात सहाच माणसांची जागा होती म्हणून मी वहीचा कागद फाडून दिला आणि तिनं सुवाच्य अक्षरात आठ नावं लिहिली. ऑर्फा. झेला, म्हणजे मी. ऑटिस. बर्ल आणि त्याची बायको रीडा. शॉन्डा आणि तिच्या दोन मुली. जन्मतारखा तिला तोंडपाठ होत्या. सगळ्यांचे वाढदिवसाचे केक तीच करते.

अर्ज टाकला. मग फोनची वाट बघा असं पत्र आलं. मुलाखत फोनवर होणार, मंगळवारी दहा ते चारच्या मध्ये केव्हाही. पत्र बुधवारी आलं. मंगळवारी फोन आलाच होता. ऑर्फानं अनोळखी आवाज ऐकला, काहीतरी विकणाऱ्याचा फोन समजून "मला गाडीची वॉरंटी नकोय" असं म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

मग एकाच दिवशी तीन पत्रं आली. पहिल्यात लिहिलं होतं, तुमचा अर्ज मिळाला, कुटुंबातील व्यक्ती आठ. दुसऱ्यात, तुम्ही मुलाखत न दिल्यानं अर्ज बंद होऊ शकतो. तिसऱ्यात, आमचं आधीचं पत्र विचारात घेऊ नका. आधीचं म्हणजे कुठलं, ते लिहिलं नव्हतं. तिन्हींवर तारीख एकच. आम्ही ती टेबलावर मांडून पत्त्यांच्या डावासारखी वरखाली केली.

"हे चांगलं आहे की वाईट?" ऑर्फानं विचारलं.

"बहुतेक चालू आहे," मी म्हणाले. मला काहीएक कळलं नव्हतं.

पहिल्या पत्राला एक यादी जोडली होती. आठही व्यक्तींची ओळखपत्रं आणि मिळकतीचे पुरावे दहा दिवसांत आणून द्या. आता मागं फिरायचं कसं? मी पिकअप काढली आणि खोऱ्यात घरोघरी फिरले.

ऑटिस ओसरीवर बसून फावड्याचा दांडा घासत होता. एक्याऐंशी वर्षांचा आहे, खाणीत फुप्फुसं घालवून बसलाय, जीभ मात्र शाबूत.

"जन्माचा दाखला कशाला पाहिजे?" तो म्हणाला. "मी जन्मलो की नाही अशी शंका आलीय का त्यांना?"

"तू ऑर्फाच्या कुटुंबात आहेस. कागदावर."

"क्लेल जाऊन वर्ष नाही झालं आणि तिनं मला कुटुंबात घेतलं? मला आधी सांगायचं तरी. दाढी केली असती."

हसत हसत आत गेला आणि पत्र्याचा अख्खा डबा घेऊन आला. त्यात सगळं होतं, अगदी सैन्यातून सुटल्याच्या कागदापर्यंत. वाचता येत नाही त्याला, हे तेव्हा मला कळलं. डबा माझ्या मांडीवर ठेवून तो म्हणाला, "तूच बघ त्यातलं काय उपयोगी आहे ते." इतकी वर्षं खोक्यातली पत्रं तो ऑर्फाला वाचायला लावायचा, ते चष्मा घरी राहिला म्हणून नव्हे. मी कागद चाळायला लागले.

बर्लच्या गॅरेजमध्ये मात्र वाजलं. तो गाडीखालून बाहेरच येईना.

"फूड स्टॅम्पवाल्यांच्या यादीत माझं नाव? झेला, लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक? सगळे यादीतच आहेत."

"मी माझ्या बायकोला पोसतो."

"रोज संध्याकाळी पाचला तर ऑर्फा पोसते तुम्हाला."

पाना खाली आपटल्याचा आवाज आला. मग गाडीखालून तो म्हणाला, "तिच्याकडं कमी पडतंय का?"

"ती जेवत नाही, बर्ल. ऑक्टोबरपासून."

तो बाहेर आला. हात पुसले आणि पगाराच्या पावत्या काढून दिल्या. माझ्याकडं बघितलं नाही.

शॉन्डाकडं मी शेवटी जाणार होते, पण तीच आली. शुक्रवारी दुपारी तिची जुनी गाडी ऑर्फाच्या अंगणात इतक्या जोरात थांबली की खडी उडाली. शॉन्डा सव्वीस वर्षांची आहे. तिला मी पहिलीपासून बसमधून शाळेत नेलंय. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हातात पत्र.

"ऑर्फामावशी, मी तुमचं काय वाईट केलं?"

ती दुकानात गेली होती. ढकलगाडीभर सामान, दूध, पोरींचं सगळं. फूड स्टॅम्पचं कार्ड लावलं तर त्यात काहीच नाही. दुसऱ्यांदा लावलं. मागं रांग लागली. सगळं तिथंच टाकून ती पोरींना घेऊन बाहेर आली. घरी येऊन खोक्यातून नेलेलं न उघडलेलं पत्र वाचलं. त्यात लिहिलं होतं, तुमचं आणि तुमच्या मुलींचं नाव याच पत्त्यावरच्या दुसऱ्या कुटुंबाच्या अर्जात आढळलं आहे. एका व्यक्तीला दोन कुटुंबांत मदत घेता येत नाही. उलगडा होईपर्यंत रक्कम थांबवली आहे.

"त्यांना वाटतंय मी लबाडी केली," शॉन्डा म्हणाली. "धाकटी मला गाडीत विचारतेय, आई, आपण चोर आहोत का?"

ऑर्फा खाली बसली. अर्ज भरताना सोडलं तर सहा महिन्यांत तिला त्या टेबलाशी बसलेली मी पाहिली नव्हती. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"मी खरं तेच लिहिलं गं," ती म्हणाली. "एक शब्द खोटा नाही लिहिला."

"माहीत आहे मावशी," शॉन्डा म्हणाली आणि मग खरोखर रडायला लागली. "तुम्ही खोटं लिहिणार नाही हे मला माहीत नाही का? पण मी आता पोरींना काय घालू?"

सहा अंडी होती ती ऑर्फानं तिला दिली. मी माझ्या घरचं जे होतं ते आणून दिलं. आणि सोमवारी सकाळी आठला आम्ही दोघी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, ऑफिसात हजर झालो.

तिथं नंबर घ्यायचा असतो. आमचा एकोणचाळीस होता आणि पाटीवर बारा. भिंतीवर सूचना चिकटवल्या होत्या, एकावर एक, आणि कुठली जुनी, कुठली नवी ते कळत नव्हतं. ऑर्फा चर्चचे कपडे घालून आली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. अंगठीचा दोरा तिनं नवीन बांधला होता.

काउंटरमागच्या मुलीच्या गळ्यात जॅनेल असं नाव लटकत होतं. तिशीची असेल, आणि इथल्या रीतीप्रमाणे वडीलधाऱ्या बाईला आदरानं मिस म्हणणारी. तिनं आमचा अर्ज पडद्यावर काढला, वहीच्या कागदाची प्रत बघितली आणि तिच्या भुवया वर गेल्या.

"मिस ऑर्फा, ही आठ माणसं तुमच्या घरात राहतात?"

"या पत्त्यावर राहतात."

"म्हणजे घरात?"

"नाही. घरं त्यांची त्यांची आहेत. पत्ता माझा आहे."

जॅनेलनं माझ्याकडं बघितलं. मी टपालपेट्यांची गोष्ट सांगितली. पूर, पूल, पोस्टमन, बुटांचे खोके. तिनं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे टपाल एकत्र," ती म्हणाली. "आणि जेवण?"

"तेही एकत्र."

"पण राहणं वेगळं."

"हो."

"थांबा हां," असं म्हणून ती आत साहेबांना विचारायला गेली. दहा मिनिटांनी आली. "जे वेगळ्या घरात झोपतात ते मोजायचे नाहीत. कुटुंब एकाचंच. मग काही अडचण नाही. तुम्ही फक्त या निवेदनावर सही करा, म्हणजे त्या बाईंची रक्कमही सुटेल आणि तुमचा अर्जही पुढं जाईल."

मला इतकं हलकं वाटलं की मी हसलेच. ऑर्फानं कागद घेतला आणि वाचायला लागली. मी एकटी राहते. माझं अन्न मी स्वतः विकत घेते आणि स्वतंत्र शिजवते. वरील माहिती खरी आहे.

तिनं पेन खाली ठेवलं.

"एकटी राहते हे बरोबर आहे," ती म्हणाली. "ते मला कुणी शिकवायला नको. पण पुढचं खोटं आहे. त्या भांड्यात मीठ सोडलं तर माझं एकटीचं काहीच नसतं."

"ते नुसतं लिहायचं असतं, मिस ऑर्फा."

"मग दुसरं लिहा."

"छापील आहे. त्यात मला बदल करता येत नाही."

"मग ते शॉन्डाचं तेवढं करा," ऑर्फा म्हणाली. "माझा अर्ज फाडून टाका. मी मागं घेते. तसं करता येतं ना?"

"येतं," जॅनेल हळूच म्हणाली. "तुम्ही अर्ज मागं घेतलात तरी त्यांची रक्कम सुटेल."

"मग तेच करा." आणि ती उठायला लागली. समाधानानं. इतकी माणसं, इतके कागद, इतके दिवस, आणि आता ती घरी जाऊन पुन्हा शेगडीपाशी उभी राहणार होती. माझं डोकं फिरलं.

"बस खाली," मी म्हणाले. हा आवाज मी बसमध्ये वापरायचे. अख्खी रांग वळून बघायला लागली.

"झेला, लोक बघतायत."

"बघू देत. तुला खोटं चालत नाही ना? मग मला एक सांग. रोज संध्याकाळी पाच वाजता तू आम्हा सात जणांच्या तोंडावर काय म्हणतेस? मी आधीच जेवले. काल म्हणालीस. परवा म्हणालीस. क्लेल गेल्यापासून एक दिवस चुकवला नाहीस. ते खरं होतं? का त्याच्याखाली सही नव्हती म्हणून चाललं?"

जॅनेल कीबोर्डकडं बघत राहिली. मला पुढं बोलायचं नव्हतं, पण तोंड थांबेना.

"तुला वाटतं तू आम्हाला जेवू घालतेस. तू आम्हाला काय करून ठेवलंयस माहीत आहे? आम्ही सगळे तुझं ताट खात होतो. मी माझ्या भावाच्या बायकोच्या तोंडचा घास खाल्ला, रोज, आणि वर म्हटलं, आज मीठ जरा कमी आहे."

ऑर्फानं तो कागद पुन्हा ओढून घेतला. तिचा चेहरा बघवत नव्हता. मग तिनं पेन उचललं आणि सही केली, सावकाश, पूर्ण नाव, क्लेलच्या आडनावासकट. सही केल्यावर ती जॅनेलला म्हणाली, "हे कधीपासून खरं धरायचं?"

"म्हणजे?"

"आजपासून का?"

"हो," जॅनेल गोंधळून म्हणाली. "आजची तारीख आहे."

मंजुरीचं पत्र अकरा दिवसांनी आलं, ते आत्ताच सांगून टाकते. शॉन्डाची रक्कम दोन दिवसांत सुटली. ऑर्फाच्या पत्रावर लिहिलं होतं, कुटुंबातील व्यक्ती एक. पण मला सांगायचंय ते त्या सोमवारच्या संध्याकाळचं.

पाच वाजता मी गेले तर ओसरीवर सगळे उभे होते. जाळीच्या दाराला आतून कडी होती. बाहेरच्या बाकावर बुटांचे खोके ओळीनं मांडले होते, नावं पुढं करून. ऑटिस टोपी हातात घेऊन जाळीतून आत बघत होता.

"आजारी आहेस का?" त्यानं विचारलं.

"नाही," आतून ऑर्फाचा आवाज आला. "टपाल बाकावर आहे. मी सही केलीय, ऑटिस. आजपासून मी स्वतंत्र शिजवते."

"कसली सही?"

"एकटीचं शिजवते म्हणून. तारखेसकट. तुझं ते बँकेचं पत्र झेलाकडून वाचून घे, मला आज वेळ नाही."

कुणाला काही कळेना. बर्ल माझ्याकडं बघत होता, रीडा त्याच्याकडं. "हे कायमचं आहे का?" शॉन्डाच्या थोरलीनं विचारलं. मी म्हणाले, मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. एक एक जण आपापला खोका काखेत मारून निघून गेला. ऑटिस सगळ्यांत शेवटी गेला. तो गेटपाशी जाऊन एकदा परत आला आणि अंड्यांचा डबा पायरीवर ठेवू की नको, असा विचार करत उभा राहिला. शेवटी घेऊन गेला. अंडी दिली तर ते एकत्र विकत घेणं होतं की काय, असं त्याला वाटलं असणार. मलाही तेच वाटलं.

हे मी केलं होतं. तिला खायला लावायचं होतं, आणि त्यासाठी मी भर ऑफिसात तिचं घर बंद करून आले होते. घरी जाऊन मला काही सुचेना. मी पावाच्या दोन कापांमध्ये बोलोनी सॉसेजचे तुकडे घातले, कागदात गुंडाळले आणि परत आले. पायरीवर बसले, दाराकडं पाठ करून.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"मी. आत येत नाहीये."

"हातात काय आहे?"

"सँडविच. माझ्या घरी केलेलं, माझ्या पावाचं. तुझ्या मिठाचा कणसुद्धा नाही त्यात."

मग ती म्हणाली, "त्या कागदात जेवण्याबद्दल काही होतं का गं?"

त्याची प्रत माझ्या खिशात होती. उलगडून वाचली. "विकत घेणं आहे," मी म्हणाले. "शिजवणं आहे."

"आणि?"

"आणि खाली तुझी सही."

आत खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. ती लाकडी जमिनीवरून ओढत ओढत दारापर्यंत आली. मी वळून बघितलं. ऑर्फा जाळीच्या पलीकडं बसली होती, मांडीवर ताट घेऊन. एका माणसाच्या भांड्यातला घेवडा, आणि बिडाच्या तव्यातल्या पावाचे दोन मोठे तुकडे. कडी तिनं काढली नाही. जाळीमुळे तिचा चेहरा नीट दिसत नव्हता. ताट धरलेला हात दिसत होता आणि दोरा बांधलेली अंगठी.

आम्ही खात राहिलो. ओढ्याला पाणी होतं, त्याचा आवाज येत होता. बर्लच्या ओसरीवरून रीडानं हात केला, मी केला.

"जेवलीस का?" माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं. निघताक्षणी मी जीभ चावली, कारण याचं उत्तर मला पाठ होतं.

तिच्या तोंडात घास होता. तो चावून होईपर्यंत तिनं मला थांबवलं.

"जेवतेय," ती म्हणाली.